अर्धटिकाऊ

झेस्ताफोनीत, क्विरिला नदीच्या अलीकडे,
लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर
दर तीन महिन्यांनी एतेरी चढून येते.
सांख्यिकी खात्याची निळी वही, दोन पेनं,
बुटांचा चिखल दाराशीच झटकलेला.
"गेल्या आठवड्यात काय काय आणलंत?"
आणि जुम्बेर,
लोखंडाच्या भट्टीवर एकतीस वर्षं काढलेला गडी,
शाळेतल्या पोरासारखा बोटं मोजू लागतो.

पाव चार. चीज अर्धा किलो, साधंच.
कांदे. काडेपेट्या.
सिगारेटी (किती, ते खरं सांगत नाही).

वहीचा नियम तसा सोपा:
जी वस्तू आणखी काही बनवायला जात नाही,
माणसापाशी येऊन थांबते, ती उपभोग्य.
पोटात थांबो, अंगावर थांबो, कोपऱ्यात थांबो,
तिथून पुढं तिला रस्ता नसतो.

"साखर?"
"पाच किलो."
"एकट्या माणसाला?"
तो गॅलरीकडं बघतो.
तिथं काचेच्या बुधल्यात द्राक्षांचा चोथा फसफसतोय.
"थोडी गाळतो. खालची त्सिउरी दोन बाटल्या नेते."
"फुकट?"
"आता... काहीतरी ठेवून जाते टेबलावर."
मग ही साखर उपभोग्य नव्हे, कच्चा माल.
एतेरी पाच खोडते,
त्याच्या चहापुरती पाव किलो परत लिहिते.
एकाच पिशवीतली साखर,
कुठल्या दाण्याचं काय होणार
हे दाण्याला कुठं ठाऊक असतं.

मग खोका.
महिन्यातून एकदा मिनीबस बारीहून आणते.
नाझिब्रोला तिकडं कुणा म्हातारीला
न्हाऊ घालते, भरवते, रात्री कूस बदलून देते.
खोक्यात शेवया, कॉफी, कपड्यांची पावडर
आणि दर वेळी शांपू.
रकाना: भेट. किंमत: इथल्या बाजारभावानं.
जुम्बेर मोरीचं दार उघडून दाखवतो.
फळीवर अकरा बाटल्या, एकीचंही सील तुटलेलं नाही.
एतेरी त्याच्या डोक्याकडं बघते, मग वहीकडं.
"ती गेली तेव्हा होते केस," तो म्हणतो.
"नऊ वर्षं झाली. फोनवर टोपी घालतो मी."

आणखी काही?
हो, एक राहिलंच.
बाजारातून सपाता घेतल्या. बायकी, अडतीस नंबर, आतून लोकर.
ईस्टरला येईन म्हणाली होती. म्हातारी पडली, राहिलं.
पलंगाखालून तो पुठ्ठ्याचा डबा काढतो.
तळव्यावरचा किमतीचा कागद तसाच.
"या नाही लिहायच्या ना? वापरल्याच नाहीत कुणी."
"लिहायच्या. पैसे दिलेत, त्या दिवशीच उपभोग झाला.
आमचा नियम तसा आहे."
"म्हणजे तिनं घालून झाल्या?"
"हिशेबात, हो."
तो हसतो. बराच वेळ हसतो,
मग डबा गुडघ्यांवर घेऊन बसतो.

पादत्राणे, स्त्रियांची, जोड एक, एतेरी लिहिते. अर्धटिकाऊ.
"अर्धं म्हणजे किती वर्षं?"
ती पुस्तिका चाळते.
वर्षाहून जास्त, एवढंच छापलंय.
फार काळ नाही, असंही.

कॉफी होते. खोक्यातलीच.
पाहुण्यानं प्यायलेली कॉफी घराच्याच खर्चात धरतात,
पण पाहुणी आपणच असलो तर, हे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.
ती पिते. कडू आहे.
साखर मागत नाही.

निघताना तो एक बाटली तिच्या हातात कोंबतो.
"तुमचे केस लांब आहेत. कुणाच्या तरी होऊ दे."
दुसऱ्या मजल्यावर, दिवा नसलेल्या वळणावर,
एतेरी सील फोडते, वास घेते.
लिंबाची फुलं, किंवा तसलंच काहीतरी.
घराबाहेर दिलेल्या वस्तूंसाठी रकाना आहे,
पान सतरा, खालून तिसरा.
बॅगेतून वही काढायची म्हणजे
आधी बाटली कुठंतरी ठेवावी लागेल.
ती तशीच खाली उतरते.